परिचारिकेचा हात

असाध्य रुग्णाला त्याच्या मागणीवरून मृत्यू द्यावा काय, हा प्रश्न निघाला की आपण रुग्ण, डॉक्टर आणि न्यायालय यांचाच विचार करतो. परिचारिका आठवत नाही. कॅनडाने 2016 साली ही मुभा देताना डॉक्टरांबरोबर विशेष पात्रतेच्या परिचारिकांनाही प्राणघातक औषध देण्याचा अधिकार दिला. हे काम कोणावरही बंधनकारक नाही, असे तो कायदाच म्हणतो. ही गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे.

तरीही प्रश्न मिटत नाही. अपरात्री रुग्ण विचारतो, "सिस्टर, मी सगळ्यांना भार झालोय ना?" आजवर हा प्रश्न धीर मागत असे. मृत्यू हा कायदेशीर पर्याय झाला की तोच प्रश्न अर्जाची सुरुवात ठरू शकतो. मग जी परिचारिका सुई हाती धरणार नाही, तिच्याही उत्तराला, मौनालाही वेगळे वजन येते.

प्राण ही अल्लाहची अमानत आहे. वेदना असह्य होऊन स्वतःचा हात कापून घेणाऱ्या जखमी मनुष्याची हदीस आपण जाणतो. मात्र निष्फळ उपचार चालूच ठेवणे अनेक फुकहांनी अनिवार्य मानलेले नाही. यंत्र थांबविल्यावर आजार आपली वाट चालतो. विष दिल्यावर परिचारिकेचा हातच मृत्यूचे कारण होतो.

खंदकच्या लढाईतील जखमी हजरत साद बिन मुआज (रजि.) यांची शुश्रूषा मस्जिदे नबवीतील हजरत रुफैदा (रजि.) यांच्या तंबूत झाली. ते वाचले नाहीत; म्हणून ती सेवा वाया गेली असे कोण म्हणेल? मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी 1973 पासून 2015 पर्यंत, बेचाळीस वर्षे, आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना सांभाळले. त्यांच्या दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयात आली, तेव्हा या परिचारिकांनी विरोध केला आणि 2011 साली न्यायालयाने ती फेटाळली. अर्थात, इतका भार मूठभर स्त्रियांवर टाकून आपण मोकळे होणे हेही न्याय्य नव्हे. जुम्याच्या खुतब्यात सब्रवर बोलणारे आम्ही रुग्णाची कूस बदलायला कितीदा जातो?

उद्या परदेशी नोकरी करणाऱ्या एखाद्या भगिनीने विचारले, तर माझ्या अल्प अभ्यासानुसार मी एवढेच सांगेन: त्या रुग्णाला अंघोळ घाला, वेदनाशामक द्या, त्याच्याजवळ बसा. त्या इंजेक्शनसाठी शीर मात्र शोधू नका. आणि नकार आधीच लेखी द्या, ऐन वेळी नव्हे.