मागचं झाड

सरोजिनी नगर म्हटलं की बाकी देशाला स्वस्त कपड्यांचा बाजार आठवतो. दिल्लीतल्या कितीतरी मराठी नोकरदारांना मात्र तिथली बैठी-दुमजली सरकारी क्वार्टर्स आठवतात. निवृत्तीनंतर कुणी पुण्याला परतलं, कुणी नोएडात घर घेतलं. सामानाबरोबर व्हिडिओच्या मिनीडीव्ही कॅसेटही गेल्या. अंगणातली मुंज, मंगळागौरीचे खेळ, असं बरंच काही त्यांत आहे. तासाभराची कॅसेट संगणकावर उतरवली की सुमारे 13 जीबी होते, आणि अमेरिकेतून मुलगा म्हणतो, ‘‘बाबा, फाइल जरा लहान करून पाठवा ना.’’

झिप करून फारसं काही हाती लागत नाही. हँडब्रेकसारखं मोफत सॉफ्टवेअर घेतलं, तर तीच फाइल एक-दीड जीबीत बसते. ते करतं काय, तर मागची भिंत एकदा नोंदवून घेतं आणि पुढच्या चित्रांत ‘तीच ती’ म्हणून सोडून देतं. हललं असेल तेवढंच नव्यानं लिहितं. मग डोळ्याला चुकल्यासारखं वाटणार नाही असे बारकावे गाळतं. या गाळण्यामागचं गणित बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांना 1972 च्या सुमारास सुचलं. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशननं तेव्हा त्यांना पैसे दिले नाहीत. एका परीक्षकाला ती कल्पना फारच सोपी वाटली होती!

आता गंमत अशी, की या हिशेबात भिंत जवळजवळ फुकट मावते आणि वाऱ्यावर हलणारा कडुनिंब सगळ्यात महाग पडतो. पान न् पान वेगळं हलतं. त्यामुळे जागा वाचवायची म्हटलं की पहिली कात्री झाडालाच लागते आणि पानांचा हिरवा लगदा होतो. एरवी कुणाचं काही बिघडलं नसतं. पण 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं सरोजिनी नगरसह सात वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. त्यासाठी झाडं तोडली जाणार म्हणून जून 2018 मध्ये लोक झाडांना मिठ्या मारून उभे राहिले, उच्च न्यायालयानं तोड तात्पुरती थांबवली. जुनी क्वार्टर्स पडून तिथं टॉवर उभे राहिले. बटूच्या मागचं झाड आता फक्त त्या फितीतच असेल, हे सॉफ्टवेअरला कोण सांगणार?

ते आपणच सांगायचं. हँडब्रेकमध्ये दर्जाचा आकडा बहुधा 22 असतो. आकडा लहान तितकं चित्र चांगलं. अशा कॅसेटसाठी 18 ठेवावा, वेगही ‘स्लो’ करावा. रात्रभर चालेना का संगणक! फाइल थोडी जाड होईल, होऊ द्यावी. आणि मूळ 13 जीबी दोन वेगळ्या हार्डडिस्कवर तशीच ठेवावी, कारण गाळलेली पानं परत येत नाहीत.

मुलाला हलकी प्रत पाठवा. तो बहुतेक स्वतःलाच बघणार आहे. मूळ फाइल आई उघडेल.