किती घट्ट धरावं?

शांत बसा. श्वास त्याच्या चालीनं चालू द्या. मनाशी एक प्रीमियर पद्मिनी उभी करा, कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. उरलेल्या गाड्या आता हौसेनं सांभाळणाऱ्यांच्या हाती आहेत.

तुमच्यासमोरच्या गाडीच्या दारावरची चकचकीत पट्टी एका टोकाला सुटली आहे. मूळ क्लिपा बाजारात मिळेनात. काहीतरी जुळवून आणावं लागणार. हात तूर्त मांडीवरच असू द्या. नुसतं पाहा.

पट्टी सावकाश काढा, उलटी करा. दोन्ही कडा आत वळलेल्या, मधे अरुंद पन्हळ. क्लिपचं एक अंग या पन्हळीत बसायचं, दुसरं पत्र्यातल्या भोकात. त्या भोकाची कड निरखा. तांबूस गंज दिसेल. पट्टीमागे धूळ साचते, धूळ ओल धरते, हादऱ्यानं क्लिप कडेवरचा रंग घासते आणि मुंबईची खारी हवा उरलेलं काम करते. क्लिप का गेली, हे भोकच सांगतं. ते समजून घ्या.

आता स्वतःला विचारा, या पट्टीला किती घट्ट धरावं?

पहिलं उत्तर येईल: कायमचं. आरपार स्क्रू, नाहीतर रिव्हेट, नाहीतर कडक चिकटवण. त्या उत्तरापाशी थोडं थांबा. ‘पुन्हा सुटली तर?’ ही भीती त्यामागे आहे. नवं भोक म्हणजे गंजाला नवी वाट. रिव्हेटच्या दाबानं पातळ पट्टी चेपते. चिकटवलेली पट्टी ओढून काढताना वाकते, सोबत रंगही उचकटतो. एक श्वास घ्या आणि ते उत्तर बाजूला ठेवा.

एक लहान बोल्ट उचला. त्याचं डोकं समोरासमोरच्या दोन बाजूंनी कानशीनं घासा, पन्हळीच्या फटीतून आत जाईल एवढंच. कानशीचा आवाज ऐका. घासलेला धातू परत येत नाही, म्हणून थोडं घासा, पट्टीत घालून बघा, पुन्हा घासा. डोकं आत गेलं की पाव फेरा फिरवा. लांब बाजू वळलेल्या कडांखाली अडकते. बोल्ट धरतो.

तो बसवण्याआधी जुन्या भोकाचा गंज खरवडा, प्रायमर द्या, रंग द्या. वाळू द्या. ही वाट पाहणं कामातच मोजायचं. पट्टी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर पोलादाशी लागून ओल लागली की ती झिजते. म्हणून मधे रबर किंवा नायलॉन ठेवा. मग बोल्ट जुन्याच भोकातून घाला, दाराच्या आतून वायसर आणि नट लावा.

नट बोटांनीच आवळा. पट्टी पत्र्याला टेकली, खडखड थांबली, की तुम्हीही थांबा. आणखी जोर लावलात तर बाहेरून खळगा दिसेल. उन्हात धातू पसरतो. त्याला किंचित हलायला जागा हवी.

इथे मन स्थिर करा. जोड हा धरलेल्या वस्तूहून दुबळा असावा. धक्का बसला तर बोल्ट निसटावा, पट्टी फाटू नये. बोल्ट पुन्हा घडवता येतो, पट्टी नाही. आणि ही गाडी तुमच्यानंतर कुणीतरी उघडणार आहे. त्या अनोळखी हातांचा विचार करा. साध्या पान्यानं, काहीही न दुखावता, तुमचं काम त्यांना सोडवता आलं पाहिजे.

हे मनन मनात ठेवून कामाला लागा. जुन्या गाडीला नवं भोक पाडू नका. आहे तेच भोक स्वच्छ करा, रंगवा, आणि गरजेपुरतंच आवळा.