थांबायचं की निघायचं?

आजचं वाचन: मत्तय 25:31-46

1527 साली विटेनबर्गमध्ये प्लेग आला. विद्यापीठ येनाला हललं, पण मार्टिन ल्यूथर मंडळीसोबत थांबले. त्यांच्या घराचंच इस्पितळ झालं. तरी निघून गेलेल्यांना त्यांनी सरसकट दोषी ठरवलं नाही. औषध घ्या, उगाच धोका ओढवून घेऊ नका, असंच त्यांनी लिहिलं. फक्त आपल्यावाचून ज्याचं अडेल, त्याला सोडून जाऊ नका.

लॉकडाऊनमध्ये शेजारच्या एकट्या आजींचं दार मी वाजवलं नाही. ‘काळजी घेतेय’ म्हणाले, खरं तर भ्याले होते. मास्क लावून दाराशी डबा ठेवता आला असता. आज पूर-वादळात धावून जाणाऱ्या ल्यूथरन मंडळ्या पाहून स्वतःला विचारते: मी पाठ फिरवली तर कोण एकटं पडेल?

प्रभू, ते दार मला दाखव. आमेन.