सवलत आणि काटकसर

पैसे वांचविणें आणि वस्तु स्वस्तांत मिळविणें ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, हें आपल्या गृहिणींस अर्थशास्त्र न वाचतांही ठाऊक असतें. तांदूळ कितीही स्वस्त मिळाला तरी घरांतील तोंडें मोजल्यावांचून पोतीं भरणारी बाई आमच्या गोंदिया जिल्ह्यांत, म्हणजे धानाच्या ह्या मुलखांत, क्वचितच आढळेल. परंतु तिचाच महाविद्यालयांत जाणारा मुलगा जेव्हां व्हिडिओ गेम विकत घेतो, तेव्हां हें पिढीजात शहाणपण कोठें जातें, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

खेळावर पैसा घालविणें हाच मुळीं अपव्यय, असें मानणाऱ्यांच्या पक्षाचा मी नाहीं. ज्या झाडीपट्टींत धान घरांत आलें कीं रात्र-रात्र नाटकें रंगतात, तेथील माणसानें तरी करमणुकीस नाक मुरडूं नये. माझा आक्षेप आहे तो 'वांचले' ह्या शब्दाच्या वापरावर.

व्हॉल्व्ह ह्या अमेरिकन कंपनीनें २००३ सालीं सुरू केलेलें 'स्टीम' हें खेळांचें दुकान २०१५ पासून रुपयांत दाम घेतें. उन्हाळ्यांत व नाताळच्या सुमारास तेथें मोठा 'सेल' लागतो. अशा सेलांत घेतलेल्या खेळांची यादी माझ्या एका विद्यार्थ्यानें मला अभिमानानें दाखविली, आणि दोन हजारांचा खेळ पांचशेंस घेतल्यामुळें दीड हजार वांचले, असा हिशेबही ऐकविला. यादींतील निम्म्याहून अधिक खेळ त्यानें एकदांही उघडलेले नव्हते. ते दीड हजार कोणत्या खिशांत आहेत, असें मीं विचारलें तेव्हां तो हंसला. मुलगा हुषार आहे; परंतु मूळ किंमत छापून तीवर काट मारण्याची युक्ति त्याच्याहून हुषार आहे. कापडवाल्यांना ती फार जुनी ठाऊक. मात्र जास्तीचें कापड कपाटांत जागा अडवितें आणि डोळ्यांस टोंचतें. हे खेळ कोठेंच जागा अडवीत नाहींत, म्हणून टोंचतही नाहींत.

ह्याच दुकानांत खऱ्या काटकसरीचीही सोय आहे. खरेदीपासून चौदा दिवसांच्या आंत, आणि दोन तासांहून कमी खेळला असल्यास, पैसे परत मागतां येतात. ती सोय वापरण्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं.

परंतु ह्याहून खोल प्रश्न निराळाच आहे. निंटेंडोनें १९८३ सालीं जपानांत विक्रीस आणलेल्या यंत्राच्या नकला १९९० नंतर आपल्या बाजारांत आल्या. त्यांत बसवावयाच्या पेटीस मुलें 'कॅसेट' म्हणत. एकाची कॅसेट साऱ्या आळींत फिरे. त्यांपैकीं पुष्कळशा कर्त्यास छदामही न देतां उतरविलेल्या असत, आणि दुसऱ्याच्या श्रमाचे पैसे बुडवून केलेल्या बचतीस काटकसर म्हणणें हा भाषेचा दुरुपयोग होय. तें असो. पण वस्तु उसनी देणें, वापरून झाल्यावर विकणें, हा व्यवहार त्या पोरवयांतही निर्मळ होता. आपल्याकडील काटकसर कधींच एकट्याची नव्हती. क्रमिक पुस्तकें थोरल्याकडून धाकट्याकडे आणि तेथून शेजारी जात.

हा व्यवहार कंपन्यांना सलतो. २०१३ सालीं मायक्रोसॉफ्टनें आपल्या एक्सबॉक्स वन ह्या यंत्रासाठीं वापरलेल्या डिस्कांच्या पुनर्विक्रीवर बंधनें जाहीर केलीं; ओरड होतांच त्याच जून महिन्यांत तीं मागें घ्यावीं लागलीं. परंतु जेथें डिस्कच नाहीं, तेथें बंधनाची गरजही उरत नाहीं. जालावरून उतरविलेला खेळ विकत मिळत नाहीं, वापरण्याचा परवाना तेवढा मिळतो. युबिसॉफ्टनें 'द क्रू' हा खेळ ३१ मार्च २०२४ रोजीं बंद केला, तेव्हां पूर्ण दाम मोजणाऱ्यांच्या हातीं कांहीं राहिलें नाहीं. कॅलिफोर्नियानें त्याच वर्षीं कायदा करून, ही मालकी नव्हे असें विक्रेत्यानें स्पष्ट सांगावें, असें ठरविलें. तो २०२५ पासून अमलांत आहे.

तेव्हां सवलत मोजतांना काय गमावलें हेंही मोजलें पाहिजे. दीड हजारांची डिस्क खेळून झाल्यावर हजारांस विकली, तर खेळ पांचशेंस पडला. सेलांत सातशेंस उतरविलेला खेळ सातशेंसच पडतो, आणि तो मित्रास देतां येत नाहीं तो नाहींच. माझ्या परिचयाच्या एका घरीं दोघां भावांनीं दिवाळीस, बऱ्याच वादानंतर, सेल सोडून एक डिस्क घेतली. ती दोन महिन्यांनीं गोंदियाहून तिरोड्यास मामेभावाकडे गेली. त्यानें ती पुढें विकली. सध्यां ती आमगांवास आहे असें कळतें.