आजी लोईस हिचें अंगण



तीमथ्याच्या विश्वासाचें मूळ सांगतांना पौल कोणा शाळेचें नांव घेत नाहीं. आजी लोईस व आई युनीके ह्यांचीं नांवें घेतो.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत कापसाच्या वेचणीच्या दिवसांत आईबाप सकाळींच शेतावर जातात. पांच वर्षांची बहीण तान्ह्या भावास सांभाळीत घरीं राहते व अंगणवाडीस मुकते. आम्ही आईस दोष देत नाहीं. मजुरी बुडवून चूल पेटत नाहीं. परंतु सहाव्या वर्षीं पहिलींत बसणाऱ्या मुलाची तयारी त्या दिवशीं होत नसते. पोटांत गेलेलें सकस अन्न, आजीच्या गोष्टी, घरांत त्याच्याशीं झालेलें बोलणें, ह्यांनीं ती आधींच झालेली असते, किंवा राहून गेलेली असते.

बोर्डीस ताराबाई मोडक ह्यांनीं 1945 सालीं खेड्यांतील बालकांसाठीं काम आरंभिलें. मुलें बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हां बालवाडीच वस्तीच्या अंगणांत गेली. सरकारनें 1975 पासून गांवोगांव चालविलेल्या अंगणवाड्यांचें मूळ तेथें आहे.

आपल्या मंडळींत लोईस कोण होईल? वेचणी संपेपर्यंत तिनें शेजारचें तान्हें आपल्या मांडीवर घ्यावें व त्या बहिणीस अंगणवाडींत धाडावें. आणि ती परतल्यावर आज काय पाहिलें, काय खाल्लें तें विचारून तिचें बोलणें पुरें होईपर्यंत ऐकावें.