चार पावलांचं अंतर

पहाटे साडेपाचला लातूरच्या गंजगोलाईत शटरं खाली असतात. फुलवाल्या बाईनं नुकतंच पोतं अंथरलेलं असतं आणि झेंडूच्या ढिगावर ती हातानं पाणी शिंपडत असते. पेपरवाली पोरं पायऱ्यांवर बसून अंकांत पुरवण्या घालत असतात. आज त्या पायऱ्यांपाशी मी थांबलो आणि सवयीनं मागं वळून बघितलं. मागं कुणीच नव्हतं. ही माझ्या शेजारी उभी होती.

आमच्याकडं नवरा पुढं आणि बायको मागं, अशीच चालायची रीत. मला ती कुणी शिकवली नाही. वडील तसे चालायचे, आजोबा तसे चालायचे. शेताच्या बांधावर दोन माणसं शेजारी मावत नाहीत, कदाचित तिथूनच ती गावात आली असेल. पण लातूरला बिऱ्हाड केलं, रस्ते रुंद मिळाले, तरी चार पावलांचं ते अंतर चाळीस वर्षं तसंच राहिलं. बोलायचं झालं तर मी थोडी मान वळवायचो आणि ती पदर सावरत ‘हं’ म्हणायची.

आणि जाणं म्हणजे कामाला जाणं. लग्नाचा बस्ता बांधायला कापड लाइनीत, पोरीचे दागिने करायला सराफ लाइनीत, तुरीचा भाव बघायला मोंढ्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटं असताना जमीन हलली आणि सगळं लातूर रस्त्यावर आलं. एक लेकरू माझ्या कडेवर, एक हिच्या. किल्लारीकडच्या बातम्या यायला लागल्या तसं कुणी कुणाशी बोलेना. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या दिवसांत आम्ही रात्री-अपरात्री टँकरपाशी घागरी घेऊन उभे राहिलो. म्हणजे सोबत होतोच. पण हातात पिशवी नाही, डोक्यात काम नाही, नुसतं बघत बघत हिच्या शेजारून चालणं, हे माझ्या वयाच्या चौसष्टाव्या वर्षी घडलं, आणि तेही पॅरिसमध्ये.

पोरांनी पैसे भरले होते. चाळीस जणांचा ग्रुप, छत्री उंच धरून पुढं चालणारा टूर मॅनेजर आणि एवढ्या मोठ्या शहराला मिळून एक दिवस. सकाळी आयफेल टॉवर, मग सीन नदीतली बोट, पाण्यातूनच नोत्र दाम, दुपारी लूव्र. मोनालिसाचं चित्र अडीच फूट उंच आणि पावणेदोन फूट रुंद आहे, आणि त्याच्यापुढं माणसांची ही एवढी दाटी. हिनं टाचा उंचावून बघितलं आणि म्हणाली, ‘‘एवढी माणसं रोज टक लावून बघतात, तिला दृष्ट नसेल का हो लागत?’’

हे वाक्य मला ऐकू आलं, कारण ती शेजारी होती. सकाळी पहिल्या अर्ध्या तासात मी दोनदा मागं वळलो होतो आणि गर्दीत ती दिसली नव्हती. काळजात धस्स झालं. भाषा येत नाही, हिच्याजवळ फोन नाही. तिसऱ्या वेळी मी तिचं मनगट धरलं. लग्नात हातात हात दिला होता, त्यानंतर चारचौघांत हात धरायची ती पहिलीच वेळ. आधी ती ओशाळली. मग विसरली आणि बोलायला लागली. नदीला दोन्ही अंगांनी दगडी ओटा कसा बांधून काढलाय. एवढ्या सज्ज्यांमधून एकाही घराचं धुणं वाळत नाही, मग ह्या बायका कपडे वाळवतात कुठं? पुलाच्या दिव्याखाली बसून एक म्हातारी एकटीच भाकर-तुकडा खातेय, तिला घरी कुणी नसेल का? मी वरचे मनोरे बघत होतो, ही खालची माणसं बघत होती. संध्याकाळपर्यंत मला कळून चुकलं की ही आयुष्यभर असंच बघत आणि असंच बोलत आलेली आहे. मागून चालणाऱ्याचं बोलणं पुढच्याच्या कानावर पडत नाही, एवढंच.

शेवटचा मुक्काम होता आर्क द त्रिओंफ. पाऊण तास मोकळा दिला होता. शाँझेलिझेच्या टोकाला भुयारी वाटेनं खाली उतरलो आणि कमानीच्या पायथ्याशी वर निघालो. चारी बाजूंनी गाड्यांचा घेर फिरत होता. ही एकदम थांबली.

‘‘अहो, ही तर आपली गोलाईच की!’’

खरंच होतं ते. नेपोलियननं १८०६ मध्ये ही कमान बांधायला सांगितली, ती पुरी झाली १८३६ मध्ये, त्याच्या मरणानंतर पंधरा वर्षांनी. पुढं ओसमान नावाच्या अधिकाऱ्यानं जुनं पॅरिस पाडून नवं आखलं, तेव्हा इथं येणाऱ्या रस्त्यांत भर पडून ते बारा झाले. चाकाच्या आऱ्यांसारखे बारा रस्ते, मधे कमान. आमच्या लातूरची गोलाई १९१७ ची. निजामाच्या राज्यात फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं ती आखली. गोल इमारत, मधोमध अंबाबाईचं मंदिर, आणि तिथून फुटणारे सोळा रस्ते. एकेका रस्त्याला एकेक बाजार. फैयाजुद्दीननं पॅरिसचा नकाशा बघितला होता की नाही, ते मी कुठं वाचलेलं नाही. पण परमुलखात उभं राहून आपल्या गावाचा आराखडा पायाखाली ओळखीचा वाटावा, याचं अप्रूप मला अजून वाटतं. शाळेत मी कितीतरी वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, मुलांना गोलाईचं चित्र काढायला लावलं, आणि त्या माणसाचं नाव मात्र एकदाही फळ्यावर लिहिलं नाही.

‘‘इथं मधी देवी नाही का?’’ हिनं विचारलं.

मधे एक थडगं आहे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या एका सैनिकाचं. त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. जमिनीलगत एक ज्योत आहे. १९२३ पासून रोज संध्याकाळी साडेसहाला तिथं माणसं जमतात आणि ती ज्योत पुन्हा चेतवतात, असं मी हिला सांगितलं.

‘‘म्हणजे नंदादीपच की,’’ ती म्हणाली आणि बूट काढायला वाकली. बुटाच्या नाडीला लेकीनं दुहेरी गाठ मारून दिलेली. गुडघ्यामुळं हिचा हात पोचेना. मी खाली बसलो, गाठ नखानं सैल केली, आधी डाव्या पायाची, मग उजव्या. चार-दोन माणसं बघत होती. तिनं अनवाणी उभं राहून हात जोडले. कुणाचं तरी लेकरू, एवढंच पुटपुटली. परत बसपाशी पोचलो तोवर वीस मिनिटं उशीर झाला होता आणि सगळा ग्रुप आमच्यासाठी खोळंबला होता. मी सगळ्यांची माफी मागितली. पण ती वीस मिनिटं मला आयुष्यातून वजा करावीशी वाटत नाहीत.

घरी आल्यावर आठेक दिवसांनी ही म्हणाली, ‘‘नांदेड बघून येऊ.’’

‘‘नांदेडला शंभरदा गेलोय आपण.’’

‘‘गेलोय. बघितलं कुठं?’’

तेही खरं. दवाखाना, सोयरीक, मयत, पोराची परीक्षा. एसटी स्टँडवरून रिक्षा आणि रिक्षातून परत स्टँड. मग एका गुरुवारी सकाळच्या गाडीनं चाकूर, अहमदपूर, लोहा करत निघालो. खिडकीतून माळेगावचा माळ दिसला तेव्हा मी हिला खंडोबाच्या जत्रेतल्या घोड्यांच्या बाजाराचं सांगत होतो, आणि ती मला सांगत होती की तिच्या माहेरचा बैल तिथूनच आणला होता.

सचखंड हजूर साहिबला जाऊन डोक्याला रुमाल बांधला, पाय धुतले, आत गेलो. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये इथंच देह ठेवला आणि आपल्यामागं ग्रंथालाच गुरू मानावं असं सांगितलं. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक. आजचा हा दरबार महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधून घेतला. हे साल माझ्या डोक्यात होतं, पण पॅरिसच्या कमानीशेजारी मी ते कधी ठेवून बघितलं नव्हतं. ज्या वर्षांत तिकडं कमानीचे शेवटचे दगड चढत होते, त्याच वर्षांत गोदावरीच्या काठी इथं काम चालू होतं. आणि नेपोलियनच्या पराभवानंतर त्याच्या सैन्यातले अलार आणि व्हेंचुरा हे दोन अधिकारी हिंडत हिंडत लाहोरला पोचले होते आणि १८२२ पासून याच रणजितसिंहांच्या फौजेला कवायत शिकवत होते. संगमरवरावर उभा राहून मी हे सगळं हिला हलक्या आवाजात सांगितलं. तिनं वर सोन्याच्या कळसाकडं बघितलं.

‘‘मग ही दोन्ही जुळी भावंडंच की,’’ ती म्हणाली.

लंगरला पंगतीत शेजारी शेजारी बसलो. रोटी देणारा आला की दोन्ही हातांची ओंजळ पुढं करून घ्यायची असते. मी एक हात पुढं केला, तर हिनं माझा दुसरा हात उचलून पहिल्याशेजारी ठेवला. जेवण झाल्यावर ती भांडी घासायच्या जागी गेली, म्हणून मीही गेलो. घरी मी कधी ताट विसळलेलं नाही, हे लिहिताना मला लाज वाटते.

उन्हं उतरल्यावर नगीनाघाटावर बसलो. हिनं पाय पाण्यात सोडले. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘आईला एकदा इथं गंगेत अंघोळ करायची होती. राहून गेलं.’’

माझ्या सासूबाई जाऊन एकवीस वर्षं झाली. मी म्हणालो, ‘‘हे कधी बोलली नाहीस.’’

‘‘बोलले की. तिला इथं दवाखान्यात आणलं होतं, तेव्हा. स्टँडवरून चालत जाताना. तुम्ही पुढं होता.’’

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. झालेलं सांगावं तसं तिनं सांगितलं. स्टँडचा तो रस्ता मला आठवला, माझ्या हातातली रिपोर्टची पिशवी आठवली, घाई आठवली. मागून आलेला आवाज काही केल्या आठवला नाही. त्या बाईला घाटापर्यंत न्यायला रिक्षानं पंधरा मिनिटं लागली असती. मी ओंजळीत पाणी घेतलं, हिनं तिच्या आईचं नाव घेतलं, आणि आम्ही ते परत नदीत सोडलं.

तेव्हापासून रोज पहाटे आम्ही गोलाईला फेरी मारतो. एवढी वर्षं इथं राहून आम्ही हे सोळा रस्ते स्वतः मोजलेले नव्हते. पॅरिसमध्येही नवव्या रस्त्यावर गाडं अडलं होतं, कारण सुरुवात कुठून केली तेच आठवेना. म्हणून आज हिनं फुलवालीची जागा ही खूण धरली. देवळाला उजव्या हाताला ठेवत निघालो. भुसार लाइनीच्या तोंडाशी एक हमाल पोत्यावर डोकं टेकून झोपला होता, तिथं ती थांबली, त्याच्या अंगावरून घसरलेली चादर वर ओढली आणि मग पुढचा आकडा म्हणाली. मी मनातल्या मनात मोजत होतो, ती बोटांच्या पेरांवर. फुलवालीपाशी परत आलो तेव्हा झेंडूचा निम्मा ढीग विकला गेला होता.

‘‘माझे पंधराच भरले,’’ ही म्हणाली.

‘‘माझे सोळा.’’

‘‘मग कुणाचं तरी चुकलं.’’ तिनं पदर खोचला. ‘‘चला, परत एकदा.’’