दिलेले शिल्प, न दिलेला हक्क

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. बांबूच्या कामट्या, कागद आणि कापड यांतून उभ्या केलेल्या या प्रचंड आकृत्या इडापिडा, रोगराई सोबत घेऊन गर्दीतून वाजतगाजत जातात आणि शेवटी त्यांचे दहन होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हे चालत आले आहे. शहराच्या महाल भागातल्या चितारओळीत मूर्तिकार सगळ्यात शेवटी, श्वास रोखून, गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतो. मातीचे ते डोळे काही दिवसांत पाण्यात विरघळणार, हे त्याला ठाऊक असते. त्याची तक्रार नसते.

यातूनच एक समज रुजला आहे: कलावंताने घडवावे आणि विसरावे. चौकातल्या पुतळ्याचे किंवा उड्डाणपुलाच्या खांबावरील चित्राचे काम देताना तोच पुढे केला जातो. समाजाचे काम आहे, सेवा समजून करा, कागदाचे नंतर बघू. फळाची आशा धरू नये ही गीतेची शिकवण अशा वेळी काम देणाऱ्याच्या सोयीची होऊन बसते.

पण त्याग करायचा कोणी?

शिल्पकार अमरनाथ सहगल यांना 1957 मध्ये दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी भित्तिशिल्पाचे सरकारी काम मिळाले. सुमारे 140 फूट लांब आणि 40 फूट उंच असे ते ब्राँझचे काम 1962 मध्ये पूर्ण झाले. 1979 मध्ये नूतनीकरणाच्या वेळी ते त्यांना न विचारता भिंतीवरून उतरवले गेले आणि गोदामात टाकले गेले. त्याचे तुकडे झाले, काही भाग हरवले. सहगल लढत राहिले. 21 फेब्रुवारी 2005 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले अवशेष त्यांना परत द्यायला आणि 5 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. आधार होता कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 चा. हक्क विकले तरी कृतीवर आपले नाव असण्याचा आणि तिची मोडतोड होऊन प्रतिष्ठेला धक्का लागल्यास दाद मागण्याचा अधिकार निर्मात्याकडे राहतो.

या अधिकारालाही मर्यादा आहे. प्रगती मैदानावरचे ‘हॉल ऑफ नेशन्स’ 2017 मध्ये पाडले गेले. त्याचे वास्तुविशारद राज रेवाल यांचा दावा 2019 मध्ये त्याच न्यायालयाने फेटाळला. जमिनीच्या मालकाला इमारत पूर्ण पाडण्यापासून वास्तुविशारद रोखू शकत नाही, असे ठरले.

मारबत जळते आणि भित्तिशिल्प मोडते, यांतला फरक कायद्याच्याही आधी नीतीचा आहे. मारबत घडवणाऱ्याने शेवट पहिल्या दिवसापासून मान्य केलेला असतो. सहगल यांना कोणी विचारलेच नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरातल्याच ज्या दीक्षाभूमीवर बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली, तिथे रोज पंचशील म्हटले जाते. त्यातले दुसरे शील सांगते, की जे दिलेले नाही ते घेऊ नये. सगळे अनित्य आहे, ही शिकवणही त्याच धम्माची. पण अनित्यतेचा दाखला देऊन दुसऱ्याचे काढून घेण्याची मुभा तो धम्म देत नाही. दान देणाऱ्याच्या इच्छेनेच होते.

म्हणून करार लिहून घेणे हा कलावंताचा लोभ ठरत नाही. आपण काय दिले आणि काय राखले, हे त्याने त्यात स्पष्ट करायचे असते. सरकारी कामात वेगळे लिहिले नसेल तर कॉपीराइटचा पहिला मालक सरकारच ठरते. शिल्प हलवायचे झाल्यास कोणाला, किती दिवस आधी कळवायचे? डागडुजी कोण करणार, खर्च कोणाचा? पैसे कोणत्या टप्प्यावर मिळणार? नाव कुठे कोरले जाणार? आणि पाया, वारा, गंज यांची जबाबदारी कोणाची?

शेवटचा प्रश्न फार महागात पडू शकतो. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवरायांचा 35 फुटी पुतळा 4 डिसेंबर 2023 रोजी उभा राहिला आणि 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला. गुन्हा दाखल झाला तो शिल्पकार आणि बांधकाम सल्लागार यांच्यावर. हक्क मागणाऱ्याने दायित्वही तितक्याच स्पष्टपणे लिहून घ्यावे आणि मगच सही करावी.

नागपूरच्या तरुण चित्रकार-शिल्पकारांनी सेवा जरूर करावी, मन लावून करावी. मात्र ती किती आणि कोणत्या अटींवर, हे कागदावर त्यांनी स्वतः ठरवावे. काम देणाऱ्या संस्थांनीही हा कागद मागण्याची वाट न पाहता पहिल्या बैठकीतच पुढे ठेवावा.